लाल उजेडाचा हिशेब: कोपराला आणि गुडघ्याला घरी लेझर देताना

कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. चौतीस वर्षं चकची चावी आवळतोय. दोन वर्षांपूर्वी उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला कळ यायला लागली. आधी पावसाळी हवेवर ढकललं. मग चहाचा कप उचलताना कळ यायला लागली, आणि एक दिवस चावी हातातून सुटून पायाजवळ पडली, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी टेनिस एल्बो सांगितला, गोळ्या दिल्या आणि फिजिओथेरपी करायला लावली.

राजारामपुरीतल्या फिजिओ मॅडमनी मला एक हिरवट चष्मा घालायला दिला, जाड पेनासारखा प्रोब कोपरावर टेकवून दाबला, चाळीस सेकंद मोजले, जागा बदलली, परत चाळीस सेकंद. "झालं," म्हणाल्या. मला काहीच जाणवलं नव्हतं. ना शेक, ना झिणझिण्या. पैसे देताना राहवलं नाही म्हणून विचारलं, "मॅडम, ह्यात पॉवर किती आहे?" त्यांनी मशीनच्या मागची पट्टी दाखवली: ८०८ नॅनोमीटर ही उजेडाची तरंगलांबी, १०० मिलिवॉट ही ताकद. शंभर मिलिवॉट म्हणजे वॉटचा दहावा भाग. गुणिले चाळीस सेकंद, म्हणजे चार जूल ऊर्जा. "बरोबर," मॅडम म्हणाल्या, "एका जागेला चार जूल. सगळी गंमत त्या चारमध्ये आहे."

तेव्हापासून मी ह्या गोष्टीच्या मागे लागलो. सहा सिटिंगनंतर त्यांच्याच सल्ल्यानं हातात धरायचं एक मशीन घेतलं. माझं कोपर, आमच्या मंडळींचे दोन्ही गुडघे आणि तालमीत जाणाऱ्या भाच्याचा घोटा, एवढ्यांवर ते वापरून झालंय. मी डॉक्टर नाही. दुखणं कशाचं आहे हे डॉक्टरांनीच ठरवायचं, आणि पहिली काही सिटिंग फिजिओकडेच घ्यायची. पण घरी उजेड देताना माप कसं धरायचं, हे मी सांगू शकतो. कारण बहुतेकांचं चुकतं ते मापातच. काहींना त्यामुळे गुण येत नाही आणि काहींना इजा होते.

आधी उजेड ओळखा

आपल्याकडे "लाल दिव्याचा शेक" म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तो मोठा लाल बल्ब येतो, दीडशे-अडीचशे वॉटचा. स्टँडला लावून कमरेवर सोडतात. तो शेकच आहे, आणि आखडलेल्या कमरेला त्यानं बरंही वाटतं. पण मी सांगतोय तो उजेड हा नव्हे. त्या बल्बचं काम उष्णतेनं होतं. लेझर किंवा एलईडीच्या ह्या उपचारात कातडी नुसती कोमट झाली तरी खूप झालं. बहुतेक वेळा तेवढीही होत नाही.

हा फरक कळला नाही तर काय होतं ते मी घरात पाहिलंय. माझ्या चुलत्यांना साखर आहे, वीस वर्षांची. पायाला मुंग्या येतात म्हणून त्यांनी कुणाचं तरी ऐकून तो बल्ब पायाच्या अंगठ्याजवळ लावला आणि टीव्ही बघत बसले. पायाला संवेदनाच नव्हती. भाजतंय हे त्यांना कळलंच नाही. फोड आला, फुटला, जखम भरायला अडीच महिने लागले, आणि मधे एकदा अंगठा काढावा लागतो की काय अशी वेळ आली होती. ज्यांना साखर आहे आणि तळपाय बधिर आहेत त्यांनी कुठल्याही उष्णतेच्या दिव्यापासून पाय लांब ठेवावेत. आणि पायाला जखम असेल तर लेझरही घरी द्यायचं नाही. मधुमेहाच्या जखमेवर दवाखान्यात, ड्रेसिंगच्या जोडीला, देखरेखीखाली हा उजेड काही ठिकाणी देतात. तो घरचा विषय नाही.

मग आपल्याला हवा तो उजेड कोणता? घरात एक प्रयोग करून बघा. रात्री लाईट घालवा आणि मोबाईलचा टॉर्च तळहाताखाली धरा. टॉर्च पांढरा, पण हाताच्या वरच्या बाजूनं जे दिसतं ते फक्त लाल. निळा आणि हिरवा प्रकाश रक्तात आणि मांसात शोषला जातो. लाल तेवढा आरपार येतो. लालच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश असतो, तो त्याहून खोल जातो. साधारण ६०० ते १,१०० नॅनोमीटर ही ती खिडकी. आणखी पुढे गेलं की शरीरातलं पाणीच तो प्रकाश पिऊन टाकतं. म्हणून मशीनवर बहुतेक वेळा ६३० ते ६७० च्या आसपासचे लाल आकडे दिसतात, नाहीतर ८०८, ८१०, ८३०, ८५०, ९०४ असे अवरक्त. कातडीजवळच्या कामाला लाल, सांध्याच्या आणि स्नायूबंधाच्या दुखण्याला अवरक्त, हे ढोबळ गणित. सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त असतं आणि ते लाल प्रकाश जास्त खातं. आपल्यासारख्यांच्या सांध्याला अवरक्त त्यासाठीही बरा. गोंदवलेल्या जागेवर मात्र प्रोब टेकवू नका, शाई प्रकाश शोषते आणि तिथं चटका बसतो.

अवरक्त डोळ्यांना दिसत नाही, मग एलईडीचा पट्टा चालू आहे का हे कसं कळणार? मोबाईलचा सेल्फी कॅमेरा त्याच्यासमोर धरा. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबल्यावर कॅमेऱ्यात जसा जांभळट ठिपका दिसतो तसे ठिपके दिसतील. माझ्या पट्ट्यातले चार दिवे बंद होते ते असंच समजलं. लेझरच्या प्रोबवर मात्र हा प्रयोग करू नका.

हे होतं तरी कसं

१९६० मध्ये पहिला लेझर आला, तो माणकाचा. सात वर्षांनी, १९६७ मध्ये, बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर नावाचे डॉक्टर उंदरांवर लेझर टाकून बघत होते. गाठी विरघळतात का हे त्यांना पाहायचं होतं. गाठींना काही झालं नाही, पण भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. त्यांच्या मशीनची ताकद त्यांना हवी होती त्यापेक्षा फारच कमी होती. जाळण्याइतका तो उजेड नव्हता, चेतवण्याइतकाच होता. आमच्या धंद्यात मशीन कमी पडलं की जॉब, म्हणजे लेथवर घडवायचा तुकडा, बिघडतो. इथं मशीन कमी पडलं म्हणून एक उपचार सापडला. मला ही गोष्ट फार आवडते, कारण ह्या उपचाराचा सगळा स्वभाव तिच्यात आहे.

पुढे १९९० च्या दशकात नासानं अवकाशात रोपं वाढवण्यासाठी लाल एलईडी तयार करवून घेतले, आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या वैद्यकीय महाविद्यालयात हॅरी व्हेलन यांनी तेच दिवे जखमांसाठी आणि कर्करोगाच्या रुग्णांच्या तोंडातल्या छाल्यांसाठी वापरून पाहिले. म्हणजे लेझरच पाहिजे असं नाही, एलईडीनंही काम होतं.

पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात. शाळेच्या पुस्तकात "पेशीचं ऊर्जाकेंद्र" म्हणून आपण पाठ केलेत तेच. त्यांच्यात सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एक विकर (एन्झाइम) आहे, ते हा लाल-अवरक्त प्रकाश शोषतं. दुखऱ्या, ताणलेल्या पेशीत त्या विकराला नायट्रिक ऑक्साइड चिकटून बसलेलं असतं आणि काम मंदावलेलं असतं. प्रकाशानं ते सुटतं आणि ऊर्जेची निर्मिती परत मार्गी लागते, असं सगळ्यात जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण आहे. त्याखेरीज सूज कमी होते आणि दुखण्याचा निरोप नेणारी नस काही काळ मंद होते.

गुण येतो का? कशाला येतो ह्यावर आहे. मानेच्या दुखण्यावरच्या चाचण्यांचा आढावा २००९ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. जुनाट मानदुखीत उपचार संपल्यावर २२ आठवड्यांपर्यंत आराम टिकल्याचं त्यात दिसलं. गुडघ्याच्या झिजेवर २०१९ मध्ये 'बीएमजे ओपन'मध्ये २२ चाचण्यांचा, १,०६३ रुग्णांचा आढावा आला. शिफारशीतला डोस दिला त्या चाचण्यांत दुखणं चांगलं कमी झालं. डोस तसा नव्हता तिथं तेवढा फरक पडला नाही. कंबरदुखीला पुरावा कच्चा आहे, तरी अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी ह्याचा उल्लेख केलाय. सगळ्यात भक्कम जागा म्हणजे कर्करोगाच्या उपचारांत तोंडाला येणारे छाले. घरात कुणाची केमो किंवा डोक्या-मानेची रेडिएशन सुरू होणार असेल तर आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना ह्याबद्दल आवर्जून विचारा. छाले येऊ नयेत म्हणून ते आधीपासून देतात, आणि ते तिथंच, त्यांच्याच हातून घ्यायचं.

झिजलेली कूर्चा ह्यानं परत उगवत नाही, आणि मणक्यांमधली सरकलेली गादी जागेवर येत नाही. असं कुणी सांगत असेल तर ते मशीन घेऊ नका.

डोसचा हिशेब

हे नीट वाचा, कारण मी स्वतः इथंच चुकलो.

वॉट गुणिले सेकंद म्हणजे जूल. १०० मिलिवॉटचा प्रोब चाळीस सेकंद धरला तर ४ जूल. २०० मिलिवॉटचा असेल तर त्याच ४ जूलला वीस सेकंद. ५० चा असेल तर ऐंशी. गुडघ्यासाठीच्या त्या आढाव्यात ७८५ ते ८६० नॅनोमीटरच्या लेझरला दर जागी ४ ते ८ जूल आणि ९०४ च्या लेझरला दर जागी १ ते ३ जूल हे आकडे आहेत. दुसरे आकडे शोधायची मला तरी गरज पडली नाही.

९०४ चं मशीन असेल तर एक गोष्ट बघा. ते झटक्या-झटक्यानं पेटतं आणि डब्यावर मोठ्या अक्षरात प्रत्येक झटक्याची शिखरावरची ताकद छापलेली असते, कित्येक वॉट. ती हिशेबात धरायची नाही. सरासरी ताकद शोधा. सरासरी २० मिलिवॉट असेल तर एका जूलला पन्नास सेकंद लागतात.

एलईडीचं पॅनल किंवा पट्टा असेल तर हिशेब चौरस सेंटिमीटरवर येतो. पॅनल दर चौरस सेंटिमीटरला ५० मिलिवॉट देत असेल तर दोन मिनिटांत ६ जूल होतात. हे आकडे लेझरच्या आकड्यांशी सरळ ताडून बघू नका. लेझरचा ठिपका बारीक असतो; एक दशांश चौरस सेंटिमीटरच्या ठिपक्यातून ४ जूल गेले तर कागदावर ते चौरस सेंटिमीटरला ४० होतात. टोकदार पंचवर आणि सपाट पॅडवर तेवढाच जोर दिला तर दाब वेगळा पडतो, तसंच हे. म्हणून लेझर "दर जागी किती जूल" असं मोजा आणि पॅनल "दर चौरस सेंटिमीटरला किती" असं.

पॅनलच्या जाहिरातीत "३०० वॉट" लिहिलेलं असतं. ती वीज आहे, उजेड नव्हे. मोटर पाच हॉर्सपॉवरची असली म्हणून टूलच्या टोकाला पाच हॉर्सपॉवर पोचत नाही, हे लेथवरच्या पोराला पण ठाऊक असतं. किती सेंटिमीटरवर मोजल्यावर चौरस सेंटिमीटरला किती मिलिवॉट मिळतात, एवढंच विक्रेत्याला विचारा. उन्हाची तीव्रता मोजायच्या मीटरनं हे आकडे घेतलेले असतात तेव्हा ते फुगून येतात, म्हणून कशानं मोजलं हेही विचारा. आणि पॅनल लांब नेलं की मात्रा झपाट्यानं उतरते. पंधरा सेंटिमीटरचं माप घेऊन अर्ध्या मीटरवर बसलात तर हिशेब गेला.

आता माझी चूक. मशीन घरी आल्यावर वाटलं, चाळीस सेकंदांनी एवढा आराम, तर जास्त दिलं तर लवकर मोकळा होईन. दिवाळीची ऑर्डर तोंडावर होती. सकाळ-संध्याकाळ, एकाच जागी, दहा-दहा मिनिटं प्रोब धरून बसलो. सहाशे सेकंद, म्हणजे ६० जूल. चौथ्या दिवशी कोपर पहिल्यापेक्षा जास्त ठणकायला लागलं, रात्री कुशीवर झोपता येईना. मॅडमना सांगितलं तर त्यांनी वहीत एक रेघ काढून दाखवली: चढते, एका उंचीवर जाते आणि परत खाली येते. थोडा उजेड पेशीला चेतवतो, फार झाला की तोच तिला दाबतो. कमी दिलं तर काही होत नाही आणि जास्त दिलं तर झालेलं काम उलटतं. जॉबवर एकाच पासात मोठा कट घेतला की टूल तुटतं. मला हे आधीच कळायला हवं होतं. आठ दिवस मशीन बंद ठेवलं, मग परत चार जूलवर आलो.

तेव्हापासून घड्याळाशिवाय प्रोब हातात घेत नाही. रोज दोन आठवडे, किंवा एक दिवसाआड तीन-चार आठवडे, एवढाच कोर्स. मग थांबून बघायचं.

कोपर आणि गुडघा: हात कुठं ठेवायचा

जागा आधी स्वच्छ पुसायची. बाम, तेल, हळद, काहीही असलं तरी धुऊन काढायचं, त्यांच्यामुळे प्रकाश अडतो. घड्याळ, अंगठी, बांगडी काढा. चकचकीत धातूवरून लेझर उलटून डोळ्यांत जाऊ शकतो. स्टीलच्या ताटासमोर किंवा आरशासमोर बसू नका.

चष्मा दोघांनीही घालायचा, देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं. चष्म्याच्या काडीवर किंवा काचेवर नॅनोमीटरचा पल्ला छापलेला असतो, तुमच्या मशीनचा आकडा त्यात बसला पाहिजे. उद्यमनगरातले माझे सोबती विचारतात, वेल्डिंगची काच चालेल का? नाही. ती त्या कामासाठी तपासलेली नसते. गॉगल तर मुळीच नाही. अवरक्त लेझर दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही, आणि डोळ्याच्या पडद्याला झालेली इजा परत भरून येत नाही. लहान मुलं घरात असतील तर दार लावून घ्या आणि काम झालं की मशीन कुलपात ठेवा.

कोपरासाठी हात टेबलावर ठेवा, कोपर काटकोनात. बाहेरच्या अंगाला जो हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्यावरून अंगठा बोटांच्या दिशेनं एक सेंटिमीटर सरकवा. तिथं दाबल्यावर "हाच तो" असं आपोआप तोंडातून येतं. ती पहिली जागा. उंचवट्यावर दुसरी, आणि दोन्हींच्या किंचित खाली तिसरी. प्रोब उभा, कातडीला काटकोनात धरा आणि थोडा दाबून टेकवा. तिरका धरला तर बराच प्रकाश उडून जातो. दाबला की तिथलं रक्त बाजूला सरतं आणि प्रकाश खोल उतरतो. तीन जागा, दोन मिनिटं, संपलं.

गुडघ्याचं सांगतो, कारण मंडळींच्या गुडघ्यावरच माझा हात बसलाय. त्यांचं चपात्या लाटणं उभ्यानं, पण देवपूजा आणि भाजी निवडणं अजून पाटावर. उठताना दाराची चौकट धरावी लागायची. झीज दुसऱ्या पायरीची आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय.

त्यांना खुर्चीवर बसवतो, पाय जमिनीवर, गुडघा काटकोनात. असा वाकवला की सांध्याची फट उघडते. वाटीच्या खाली जो जाड दोर लागतो त्याच्या दोन्ही बाजूंना दोन खळगे असतात, बोट आपोआप आत जातं. आतल्या बाजूच्या खळग्यातून बोट मांडीच्या आतल्या अंगाकडे सरकवत न्यायचं. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं, मधे पन्हाळीसारखी फट. ती सांध्याची रेघ. पहिल्या दिवशी मला ती सापडायला पाच मिनिटं लागली आणि त्या म्हणाल्या, "अहो, जॉबवर सेंटर काढताय का?" खरं तर तेच करत होतो. निळ्या बॉलपेननं त्या रेघेवर आत तीन आणि बाहेर तीन ठिपके दिले, दोन-दोन सेंटिमीटरवर. सहा जागा, प्रत्येकी चाळीस सेकंद, चार मिनिटांत एक गुडघा. ठिपके आंघोळीत पुसट होतात, पण पूर्ण जात नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच परत गिरवायचे, म्हणजे जागा बदलत नाही.

उजेड दिल्यावर लगेच व्यायाम, हे आम्ही पाळतो. खुर्चीवर बसल्या-बसल्या गुडघा सरळ करायचा, मांडी आवळून पाच आकडे मोजायचे, खाली. दहा वेळा, दोन्ही पाय. दुखणं कमी झालेलं असतं तेव्हाच मांडीचा स्नायू बळकट करून घ्यायचा. नुसत्या उजेडावर राहिलं तर गुडघा परत दुखणार. माझ्या कोपरालाही तसंच: एक किलोचा हातोडा धरून मनगट हळूहळू खाली सोडायचं, दुसऱ्या हातानं वर आणायचं.

वर्कशॉपमध्ये प्रत्येक जॉबचं कार्ड असतं, तसं मी वहीत पान पाडलंय. तारीख, जागा, सेकंद, आणि दहापैकी दुखणं किती. त्याच्या जोडीला मंडळींचं माप रंकाळा तलावावर चालण्याचं. सुरुवातीला संध्यामठापर्यंत जाऊन बसावं लागायचं. तीन आठवड्यांनी न बसता परत फिरल्या. दुखण्याचा आकडा सातवरून चारवर आला, शून्यावर नाही. माझं कोपर सात आठवड्यांत दोनवर आलं. बारा सिटिंगांत आकडा हललाच नाही तर मशीन बाजूला ठेवा आणि परत डॉक्टरांकडे जा, दुखणं दुसरंच असू शकतं.

भाच्याचा घोटा लाल मातीत मुरगळला, तेव्हा वस्ताद म्हणाले, "मामांकडे लेझर आहे, जा." मी आधी त्याला चार पावलं टाकायला लावली. टाकता येईनात, आणि घोट्याच्या हाडावर मागच्या बाजूनं दाबलं की ओरडला. लेझर पेटीतच ठेवलं आणि सीपीआर हॉस्पिटलला नेऊन एक्स-रे काढला. हाड शाबूत निघालं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मगच उजेड सुरू केला.

कुठं द्यायचं नाही

कर्करोगाच्या गाठीवर, किंवा कसली गाठ आहे हे माहीत नसताना तिच्यावर. गरोदर बाईच्या पोटावर आणि कमरेवर. गळ्यात थायरॉईडवर. डोळ्यांवर. सांधा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप असेल तर ते आतलं इन्फेक्शन असू शकतं. एकच पोटरी अचानक सुजून दुखत असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते. कंबर दुखतेय आणि पायातली ताकद जातेय किंवा लघवीवरचा ताबा सुटलाय, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. फिट येत असेल तर लुकलुकणारा दिसता उजेड टाळा. ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा आजार) असेल, किंवा उन्हानं अंगावर पुरळ उठवणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. गुडघ्यात प्लेट किंवा बसवलेला सांधा असेल तर धातू तापण्याची भीती ह्यात नसते, तरी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना एकदा सांगून ठेवावं.

विकत घेताना वैद्यकीय उपकरण म्हणून त्याची नोंदणी आहे का, तरंगलांबी आणि सरासरी ताकद कागदावर दिलीय का, आणि चष्मे पेटीत आहेत का, ह्या तीन गोष्टी बघा. बॅटरीचं मशीन असेल तर पूर्ण चार्ज करूनच वापरा. माझं मशीन शेवटची लाल पट्टी लागल्यावर चालू राहतं, पण उजेड मंदावतो, आणि मग चाळीस सेकंदांचे चार जूल होत नाहीत. प्रत्येक माणसानंतर प्रोबचं टोक स्पिरिटच्या कापसानं पुसा.

परवा दोन घरं सोडून राहणाऱ्या काकू मशीन मागायला आल्या. गुडघ्यांसाठीच. फिजिओकडे त्या जाऊन आल्या होत्या, चिठ्ठीही होती. मी म्हटलं, काकू, औषधांची पिशवी घेऊन या. पिशवीत डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या निघाल्या, कसल्याशा इन्फेक्शनसाठी चालू होत्या. उन्हाला अंग हळवं करणारं औषध आहे ते. मॅडमना फोन लावला, त्या म्हणाल्या, कोर्स संपू दे. शनिवारी शेवटची गोळी आहे. सोमवारी सकाळी निळं बॉलपेन घेऊन त्यांची सांध्याची रेघ शोधायची आहे.